मदत घ्यावी, पण मान गहाण टाकून नव्हे!

१ जुलै २०२५ पासून अमेरिकेच्या 'यूएसएड' या संस्थेमार्फत मिळणारी परदेशी मदत बंद झाली. त्याआधी जानेवारीतच अमेरिकेने मदतीचा हात आखडला होता व आफ्रिकेतल्या एड्सच्या कित्येक दवाखान्यांना कुलपे लागली होती. आपल्याकडे काही मंडळी हळहळली, तर काहींनी 'बरे झाले, परदेशी पैसा गेला' म्हणून टाळ्या पिटल्या. आम्हाला यातले काहीच करावेसे वाटत नाही. परदेशी मदतीशी कसे वागावे, याचे उत्तर सांगलीने २००५ सालीच दिलेले आहे. ते उत्तर कुणा पुढाऱ्याने दिले नाही, गोकुळनगरच्या वस्तीतल्या बायकांनी दिले.

परदेशी म्हटले की नाक मुरडणारे आम्ही नव्हेत. मिरजेला वॉन्लेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला, तो अमेरिकेतल्या मिशनच्या बळावर. भारत सरकारने १९९२ साली एड्स नियंत्रणाचा पहिला कार्यक्रम सुरू केला, तोही जागतिक बँकेच्या ८.४ कोटी डॉलरच्या कर्जावर. माणसाचा जीव वाचत असेल तर पैसा कुठल्या देशाचा, हे विचारू नये. मात्र तो देताना आपल्याकडून काय लिहून घेतले जाते, हे जरूर विचारावे.

आपल्या दोन जिल्ह्यांत हा आजार का पसरला, हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. माण-खटावचा दुष्काळ व पाटणची गरिबी यांनी माणसे मुंबईत माथाडी कामाला नेली. खानापूर-आटपाडीचे तरुण गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगले. मधून पुणे-बंगळूर हमरस्ता व त्यावरचे ट्रक. वर्षातले दहा-दहा महिने घराबाहेर काढणारा माणूस आजार घेऊन गावी येतो आणि घराबाहेर पाऊल न टाकलेल्या बायकोला तो लागतो. यात तिचा दोष काय? पण बोट तिच्याकडेच, नाही तर वस्तीतल्या बाईकडे!

वस्तीतल्या बाईला दोषी न धरता तिलाच आरोग्य शिक्षिका करण्याचे काम सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून केले. १९९६ साली या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, तिचे नाव वेश्या अन्याय मुक्ती परिषद. कामाची रीत साधी होती. बाहेरच्या डॉक्टरने 'निरोध वापरा' म्हटले की बाई मान डोलावते, पण जादा पैसे दाखवणाऱ्या गिऱ्हाईकापुढे ती एकटी पडते. तेच गल्लीतल्या साऱ्याजणींनी मिळून ठरवले, की गिऱ्हाईकाला दुसरे दारच उरत नाही. संघटनेने बळ दिले तेव्हाच शिक्षणाचा उपयोग झाला. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' याहून वेगळे काय आहे हे?

याच कामाच्या आड अमेरिकेची अट आली. अमेरिकेने २००३ साली एड्ससाठी प्रचंड निधी देणारा कायदा केला व त्यातच एक कलम घातले, की निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाविरोधी धोरण लेखी जाहीर केले पाहिजे. ज्या बायकांच्या विश्वासावर काम उभे, त्यांच्याविरुद्धच सही करायची! 'संग्राम'ने २००५ साली ही सही नाकारली व अमेरिकी निधी सोडला. त्याच वर्षी ब्राझीलसारख्या देशानेही याच कारणावरून सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. सांगलीची एक संस्था आणि एक आख्खा देश एकाच बाजूला उभे राहिले, याचा अभिमान आपण कधी बाळगला काय? त्याच मे महिन्यात अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने गोकुळनगरात पोलिसांची धाड पडली आणि 'सुटके'च्या नावाखाली बायकांना उचलून नेले. पुढे २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांना मात्र हे संरक्षण नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने २०२० साली दिला. मतस्वातंत्र्य न्यूयॉर्कच्या संस्थेला, सांगलीच्या संस्थेला नाही!

इथे चळवळीतले बांधव आम्हाला अडवतील. ते म्हणतील, बाबासाहेबांनी १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांना हे जिणे सोडा असे ठणकावून सांगितले होते, मग तुम्ही याची वकिली कशी करता? प्रश्न रास्त आहे. यल्लम्माच्या नावाने आपल्याच पोरी सोडल्या गेल्या. ही जातिव्यवस्थेने केलेली लूट आहे व देवदासी समर्पणाविरुद्धचा २००५ चा राज्याचा कायदा कडकपणे राबवलाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण बाबासाहेब त्या बायकांपुढे उभे राहून, आपल्या माणसांशी बोलावे तसे बोलले. त्यांना माणूस मानले म्हणूनच त्यांच्याकडून निर्णयाची अपेक्षा केली. औषधाच्या बदल्यात त्यांच्या धिक्काराची सही त्यांनी मागितली नव्हती. प्रथेशी लढा आणि बाईला जगवा, ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची आहेत.

आरोग्य शिक्षणाला लाजणे ही आपली परंपराच नव्हे. र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. खटला हरले, पण मागे हटले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव त्यांच्याच पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला. याउलट २००७ साली याच महाराष्ट्रात शाळांमधले किशोरवयीन शिक्षण 'संस्कृती'च्या नावाने थांबवले गेले. संस्कृतीची ही ओरड कर्व्यांच्या वेळचीच होती. आपण मात्र त्या वेळी बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिलो नाही, गप्प बसलो.

ही गप्प बसण्याची सवय आम्ही जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण विधवा आमच्याकडे आली. नवरा मुंबईत हमाली करायचा, आजाराने गेला. सासरच्यांनी दोन लेकरांसह तिला बाहेर काढले. घर बौद्धांचेच, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. आम्ही दावा लावू म्हटले, तर आमचेच एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, 'वकीलसाहेब, बोभाटा नको, समाजाची बदनामी होईल.' तिने दावा लावला नाही आणि आम्हीही जोर धरला नाही. त्याची टोचणी अजून आहे.

आज तिच्यासाठी कायदा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याच्या कलम २९ ने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला. बाधिताच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहिलेल्यांनाही हा हक्क आहे. नोकरीत, दवाखान्यात, शाळेत भेदभाव करता येत नाही. निरोध जवळ बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी सांगितले. पैशाचेही सोंग सरकारला आणता येणार नाही. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने १५,४७१ कोटींहून अधिक रकमेची तरतूद केली. तरीही कायद्याच्या कलम १४ मध्ये उपचाराच्या आधी 'शक्य तितके' हे शब्द घालून ठेवले आहेत. 'शक्य तितके' मिळते ती खैरात, हक्क नव्हे. परदेशी दात्याची अट गेली, पण देशी सरकारची ही पळवाट शिल्लक आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. कलम १४ मधून ते शब्द काढण्याची मागणी चळवळीने हाती घ्यावी. वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या बायकांना नियमित व पुरेसे वेतन मिळावे. आणि दर पौर्णिमेला विहारात जमतोच आहोत, तर त्यातला अर्धा तास एआरटीच्या गोळ्या, निरोध व या कायद्यावर बोलावे. पुढच्या वेळी अशी एखादी बहीण विहाराच्या दारात आली, तर तिला 'बोभाटा नको' म्हणून परत पाठवू नये. तिच्यासोबत कोर्टात चालावे. आम्ही येऊ.