ज्याच्या हाती पाना, त्याचे यंत्र

अमेरिकेतील घरांभोवतीची हिरवळ कापण्याचे, वर बसून चालवायचे जुने यंत्र बंद पडले तर ते दुरुस्त कसे करावे, हा विषय या पानावर पाहून काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. आपल्याकडे दुष्काळात दावणीच्या जनावरांना चारा मिळत नाही आणि तेथे गवत कापून टाकण्यासाठी माणूस यंत्रावर बसतो. त्या यंत्राची काळजी आपण का वाहावी, असा आक्षेप कोणी घेतला तर तो गैर म्हणता येणार नाही. हिरवळीच्या त्या हौसेचे समर्थन करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. परंतु विकत घेतलेले यंत्र खरोखर कोणाचे, हा प्रश्न आज जगभरच्या शेतकऱ्यापुढे आणि कारागिरापुढे उभा आहे, आणि त्याचे सर्वांत सोपे उत्तर या क्षुल्लक वाटणाऱ्या यंत्राच्या पोटात सापडते. म्हणून आधी ते उघडून पाहू.

बंद यंत्राचा पंचनामा

जॉन डिअर कंपनीने १९६३ साली विस्कॉन्सिन राज्यातील होरिकॉन येथील कारखान्यातून '११०' या क्रमांकाचा बागेचा छोटा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्या काळातील आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतील अशी अनेक यंत्रे आजही धडधडत आहेत. याचे कारण ती कधी बिघडत नाहीत, हे नव्हे. ती वारंवार बिघडतात. पण बिघाड कोठे आहे हे ती लपवीत नाहीत.

किल्ली फिरवली आणि यंत्राने हूं की चूं केले नाही, तर प्रथम बॅटरी पाहायची. बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी मापकावर १२.६ च्या आसपास आकडा दाखविते. बॅटरी ठीक असेल तर फ्यूज पाहायचा, आणि मग सुरक्षेच्या खटक्या. ब्रेकचे पायटे दाबलेले नसेल किंवा पाते जोडलेले असेल, तर हे यंत्र सुरूच होत नाही. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' असा आवाज आला, तर वीज सोलेनॉइडपर्यंत पोचली, पुढे अडली. अशा वेळी बॅटरी अशक्त तरी असते, टोकांवर गंज तरी चढलेला असतो, सांगाड्याला जोडलेली तार सैल तरी झालेली असते, नाही तर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळलेले असतात. चार शक्यता आणि चार तपासण्या; पाचवी भानगड क्वचितच निघते.

इंजिन फिरते पण पेटत नाही, अशी तक्रार असेल तर ठिणगी, इंधन आणि हवा या तिघांखेरीज चौथा आरोपी सहसा नसतो. प्लग काढून त्याची ठिणगी पाहायची. ठिणगी नसेल, तर गुंडाळीला जोडलेली, इंजिन बंद करणारी बारीक तार सोडवून पुन्हा पाहायचे. आता ठिणगी आली, तर गुंडाळी निर्दोष ठरली. ती तार कोठे तरी सोलवटून सांगाड्याला टेकली आहे किंवा एखादी खटकी निकामी झाली आहे. दोष सापडला की तार पूर्ववत जोडायची. ठिणगी सणसणीत असेल, तर कार्बोरेटरची वाटी उतरवायची. हिवाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल चिकट होऊन जेटच्या केसाएवढ्या भोकात बसलेले आढळते. इंजिन अर्धा तास चालून मरते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, अशी विचित्र खोड असेल, तर टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असण्याचा संभव असतो. झाकण किंचित सैल करताच इंजिन सुरळीत चालू लागले, तर दुरुस्तीचा खर्च एका टाचणीइतका! आणि पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लगची तार काढून ठेवायची, हा नियम तेथील शाळकरी मुलालाही शिकविला जातो.

या साऱ्या तपासणीत एकाही टप्प्यावर कोणाची परवानगी मागावी लागली नाही. कारण डोळ्यांना दिसते, परिणाम हाताला जाणवतो आणि दोहोंमधला दुवा वाचता येणाऱ्या कोणालाही पुस्तिकेत सापडतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर कोरलेल्या क्रमांकाचे सुरुवातीचे अंक त्या इंजिनाची घन इंचांतील क्षमता सांगतात. म्हणजे यंत्राच्या अंगावरचा क्रमांकदेखील उघड भाषेत लिहिलेला होता. यंत्राचे ज्ञान यंत्राबरोबरच विकले जात होते.

येथे भोळेपणा नको. त्या काळचे भांडवलदार संत होते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. याच ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने १९९४ मध्ये मिलवॉकीतील सुमारे दोन हजार नोकऱ्या अन्यत्र हलविण्याचे जाहीर केले, आणि २०२० साली दिवाळखोरी पुकारून ती कंपनी एका गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात गेली. नफ्याची भूक तेव्हाही होती. यंत्राला आतून कुलूप घालण्याची युक्ती तेवढी अजून हाती आलेली नव्हती.

कुलूप आले

ती युक्ती आता हाती आली आहे. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरात आणि मळणीयंत्रात डझनावारी संगणकीय नियंत्रक असतात. एखादा संवेदक बिघडला की पडद्यावर संकेतांक उमटतो आणि यंत्र गोगलगाईच्या गतीवर येते. सुटा भाग शेतकऱ्याने स्वतः बदलला तरी अनेकदा काम भागत नाही. विक्रेत्याच्या माणसाने संगणक जोडून त्या भागाला मान्यता द्यावी लागते. पीक उभे आहे, आभाळ भरून आले आहे, आणि माणूस यंत्राच्या मान्यतेची वाट पाहत बांधावर बसला आहे! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांसह जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअरविरुद्ध जो खटला दाखल केला, त्याचा गाभा हाच आहे: दुरुस्तीचे पूर्ण क्षमतेचे संगणकीय साधन कंपनी केवळ आपल्या अधिकृत विक्रेत्यांना देते आणि त्यायोगे दुरुस्तीची मक्तेदारी राखते. कंपनीला हा आरोप मान्य नाही. परंतु याच कंपनीने २०१५ च्या सुमारास अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे जी भूमिका मांडली ती नोंदलेली आहे. ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातील संगणकीय आज्ञावलीची मालकी मिळत नाही, वाहन टिकेल तोवर ते चालविण्याचा गर्भित परवाना तेवढा मिळतो, असा तिचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. खाजगी मालमत्ता पवित्र आहे, असे आम्हां समाजवाद्यांना उठताबसता ऐकविणारेच येथे शेतकऱ्याच्या मालमत्तेला कात्री लावीत आहेत. कर्ज काढून, हप्ते फेडून शेतकऱ्याने यंत्र घ्यावे. त्याचा विमा, त्याचे इंधन, त्याची झीज सारे त्याने सोसावे. पण त्याचे टोपण उघडायची वेळ आली की त्याने भाडेकरू व्हावे! जमीनदारी कायद्याने गेली असे म्हणावे, तर ती यंत्राच्या पोटात शिरून बसली आहे.

सुरक्षिततेचा बुरखा

कंपन्यांचा बचाव तीन मुद्द्यांचा असतो. अडाणी हातांनी यंत्र उघडले तर अपघात होतील. प्रदूषण रोखणारी यंत्रणा लोक निकामी करतील. आणि कंपनीचे बौद्धिक धन चोरीस जाईल.

पहिल्या मुद्द्याला ते जुने गवतकापे यंत्रच उत्तर देते. पाते फिरत असताना चालक आसनावरून उठला, तर आसनाखालची खटकी इंजिन बंद करते. हात-पाय वाचविणारी ही योजना आहे आणि तिच्यात गुप्त असे काहीही नाही. तिच्या तारांचा नकाशा पुस्तिकेत छापलेला असतो आणि ती बिघडली तर तेथल्या दुकानातून नवी आणून कोणालाही बसविता येते. म्हणजे सुरक्षितता आणि गुप्तता यांची सांगड अपरिहार्य नाही. उलट दुरुस्ती महाग आणि दुष्प्राप्य झाली की हताश माणूस खटकीच वगळून तारा थेट जोडतो, आणि अपघात ओढवतो तो तेथे.

प्रदूषणाचा मुद्दा गंभीर आहे. पण यंत्रणा निकामी करणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी शिक्षा आहे. काही जण गुन्हा करतील म्हणून सर्वांच्या हातातून पाना काढून घ्यायचा, हा न्याय कंपनीने स्वतःच्या संचालकांना कधी लावल्याचे ऐकिवात नाही. उरले बौद्धिक धन. बिघाडाचा संकेतांक वाचू देणे आणि आज्ञावलीची नक्कल करून विकणे यांतला फरक न कळण्याइतके हे लोक दुधखुळे खास नाहीत.

आपल्या बाजूच्या काही मित्रांनाही येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'इलेक्ट्रॉनिक्सच नको, जुनेच यंत्र बरे' हा सूर खोटा आहे. १९८२ मध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने ठिणगीसाठी लागणारे घासून झिजणारे पॉइंट काढून त्या जागी ट्रान्झिस्टरची जोडणी आणली. एक कायमची कटकट गेली. आणि ही नवी गुंडाळी दोन स्क्रू काढून, फट पुठ्ठ्याच्या कपट्याने जुळवून, घरच्या घरी बदलता येत होती. जुन्या इंजिनांवरही ती बसविता येई. विद्या पुढे गेली आणि माणसाच्या हातातही राहिली. लढा विज्ञानाशी नाही, विज्ञानाला घातलेल्या कुलपाशी आहे.

करार नको, कायदा हवा

कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. शेतकऱ्याला आणि स्वतंत्र कारागिराला पुस्तिका, सुटे भाग आणि साधने देणे तेथे उत्पादकावर बंधनकारक झाले. याउलट मिनेसोटाने त्याच वर्षी केलेल्या दुरुस्ती कायद्यातून शेतीयंत्रे वगळली. दबाव कोठून आला असेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फार्म ब्युरो या बड्या शेतकरी संघटनेने जॉन डिअरशी सामंजस्य करार केला. कंपनीने साधने देण्याची ग्वाही दिली. मोबदल्यात संघटनेने अशा कायद्यांना पाठिंबा न देण्याचे मान्य केले. ग्वाही मोडली तर शिक्षा नाही, आणि कायद्याची मागणी मात्र गहाण! दोनच वर्षांत सरकारी खटला उभा राहिला, यातच त्या सामंजस्याची किंमत काय ते कळते.

या कंपनीचा निव्वळ नफा २०२३ च्या आर्थिक वर्षात दहा अब्ज डॉलरांवर गेला होता. पुढच्याच वर्षी मागणी घटल्याचे कारण देऊन तिने आयोवा आणि इलिनॉयमधील शेकडो कामगारांना घरी पाठविले. २०२१ मध्ये पाच आठवडे संप करणारे तिचे सुमारे दहा हजार कामगार आणि बांधावर खोळंबलेला शेतकरी यांना नाडणारा हात एकच आहे.

आपल्या दाराशी

आता हा प्रश्न केवळ परदेशचा राहिलेला नाही. याच कंपनीचे ट्रॅक्टर पुणे जिल्ह्यातील सणसवाडी येथे तयार होतात. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंजिने आपल्या शिवारातही आली. मानक हवेच, पण त्या इंजिनाचा संकेतांक वाचायचे साधन गावच्या नाक्यावरील मिस्त्रीला मिळणार की नाही, हे कोण ठरविणार? डिझेल पंपाचे इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या या कारागिरांनीच महाराष्ट्राची बागायत पिढ्यान्‌पिढ्या चालती ठेवली आहे. त्यांचे कसब एका संकेतशब्दाने कवडीमोल ठरणार आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीयंत्रे घातली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल काढले. पोर्टलवर माहिती द्यायची की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर ठेवून हक्क प्रस्थापित होत नसतात.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. यंत्राची पुस्तिका, सुटे भाग आणि निदानाची साधने विक्रेत्याला ज्या दराने मिळतात त्याच दराने शेतकऱ्याला व मिस्त्रीला मिळावीत. सुटा भाग बसविल्यावर त्याला मान्यता देण्याचे संगणकी कुलूप बेकायदा ठरावे. मराठी पुस्तिका सक्तीची व्हावी. आयटीआयच्या अभ्यासक्रमात या साधनांचा समावेश व्हावा आणि तालुक्याच्या सहकारी संघांनी ती सामायिक विकत घ्यावीत. कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाआधी आपापल्या गावातील मिस्त्रींची बैठक बोलवावी आणि कोणते यंत्र कोणत्या कुलपापाशी अडते, याची यादी करावी. मोर्चाला लागणारा मजकूर त्या यादीतच मिळेल.

उत्पादनाची साधने श्रमणाऱ्याच्या मालकीची असावीत, असे आपण म्हणतो. ज्याला आपले यंत्र उघडण्याचीही मुभा नाही, त्याच्या मालकीची भाषा करणे ही थट्टा आहे. सुरुवात टोपण उघडण्यापासून करू या.