मताला गुण, की मताला उत्तर?

थेरगावातल्या आमच्या छोट्या वाचनमंडळापुढे सध्या एक प्रस्ताव आहे. पुस्तकावर चर्चा झाली की प्रत्येक वक्त्याच्या मताला उपस्थितांनी चिठ्ठीवर १ ते ५ गुण द्यावेत, बेरीज तिथल्या तिथे फळ्यावर लिहावी आणि पुढच्या बैठकीत बोलण्याचा क्रम त्या गुणांवरून ठरवावा. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तरीही तो स्वीकारू नये असे आम्हांला वाटते. महाविद्यालयीन चर्चावर्गांतही असे प्रयोग सुचवले जाऊ शकतात, म्हणून त्याची कारणे जरा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम प्रस्तावाची बाजू. बैठकीला वेळ मोजका असतो. कुणी दुसऱ्या पाळीवरून थेट आलेला असतो, कुणाला पहाटे कंपनीची बस गाठायची असते. अशा वेळी एखादा वक्ता पुस्तक सोडून स्वतःच्या वाचनाची जंत्री सांगू लागला, तर त्याला आवरणार कोण? शिवाय चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या सभासदालाही गुणांच्या चिठ्ठीतून आपला कौल देता येतो. आणखी एक युक्तिवाद या परिसराला साजेसा आहे. कारखान्यात कामगारांनी दिलेल्या सूचनांचे मूल्यमापन होते, चांगल्या सूचनेला बक्षीस मिळते आणि त्यातून काम सुधारते. मग साहित्यचर्चेने एवढे सोवळे का पाळावे?

या युक्तिवादातच उत्तर दडलेले आहे. कारखान्यातली सूचना जोखायला सूचनेबाहेरचे एक माप असते. यंत्रावरचा वेळ किती वाचला, किती माल बाद होण्यापासून राहिला, हे मोजता येते. सूचना कोणत्या बोलीत लिहिली होती याने त्या मोजणीत फरक पडत नाही. कवितेविषयीच्या मताला असे बाहेरचे माप नसते. तिथे गुण देणारा बहुधा आपल्या ओळखीचीच मोजणी करतो : हे मत मला परिचित वाटले का, ते मला सवयीच्या भाषेत आले का, वक्ता अडखळला का.

हा धोका थेरगावसारख्या ठिकाणी अधिकच खरा आहे. पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या वर गेली होती. ही वाढ मुख्यतः कामासाठी आलेल्या माणसांची आहे. लातूर, बीड, जळगाव, सोलापूर, विदर्भ अशा निरनिराळ्या भागांतली मराठी इथे एका जिन्यात ऐकू येते. प्रमाणभाषेत सफाईने बोलणारा आणि आपल्या बोलीत शब्द शोधत बोलणारा, असे दोघे एकाच बैठकीत असतील, तर ५ गुण कुणाला आणि २ गुण कुणाला जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याला २ मिळतील तो भांडणार नाही. तो पुढच्या बैठकीला येणार नाही, एवढेच. आणि आपण काय गमावले हे त्या बैठकीला कळणारही नाही.

अपरिचित भाषेला कसे सामोरे जावे, याचे एक उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली प्रसिद्ध झाला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्या कवितांतले अनेक शब्द तेंडुलकरांना कळले नव्हते. त्यांनी ते कवीला विचारले, त्याच्यासोबत त्या वस्तीत फिरले आणि हे सारे प्रस्तावनेत नोंदवले. मुरलेल्या नाटककाराने ‘मला कळले नाही’ असे छापून कबूल करणे, ही आमच्या मते समीक्षेची पहिली पायरी आहे. हातात गुणांची चिठ्ठी असती तर ‘कळले नाही’ याचे रूपांतर एका आकड्यात झाले असते, आणि प्रश्न विचारण्याची गरजच उरली नसती. आकडा कारण देत नाही, आणि देणाऱ्याकडूनही मागत नाही.

गुण उघड असले की आणखी एक गोष्ट घडते. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा एक प्रयोग २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १४ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवली होती. काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती, काहींना दिसत होती. आणि ती पाहू शकणाऱ्यांचे परस्परांपासून वेगळे गट केले होते. पसंती दिसणाऱ्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, पण कोणते गाणे वर जाईल ते गटागणिक बदलले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा शिखरावर गेली नाहीत. मधल्या साऱ्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. आपल्या बैठकीतली बहुतेक मते या मधल्या पट्ट्यातलीच असतात. पहिल्या दोन चिठ्ठ्यांची बेरीज फळ्यावर चढली की पुढची चिठ्ठी भरणारा मताकडे पाहील की फळ्याकडे?

यावर एक रास्त आक्षेप येईल. गुण नकोत म्हणजे निवड पुन्हा जाणत्या चार जणांच्या हाती द्यायची काय? तसे आम्ही म्हणत नाही. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, ती संपादकीय अभिरुचीच्या मक्तेदारीविरुद्धच होती. पण त्यांनी केवळ अंक जाळला नाही. आपले म्हणणे लिहिले, छापले आणि स्वतःची नियतकालिके काढली. मक्तेदारीला उत्तर म्हणून त्यांनी दुसरी भाषा उभी केली. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, पण तो वाद आजही वाचला जातो, कारण दोन्ही बाजूंनी शब्द मागे ठेवले आहेत. नुसत्या गुणतक्त्यातून असा वारसा मिळाला नसता.

श्रोत्यांचा कौल आम्हांला अमान्य आहे असाही कुणी समज करून घेऊ नये. इंद्रायणीचा हा परिसर तर श्रोत्यांच्या कौलाचाच आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडवल्या गेल्या, तरी लोकांच्या तोंडी असलेले अभंग बुडाले नाहीत. आणि ते लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे, असे परंपरा सांगते. तिथेही सामान्य श्रोत्यांनीच निवड केली. पण ती पाठ करून, गाऊन, लिहून केली. त्या निवडीसाठी प्रत्येकाला स्वतःचे काहीतरी खर्चावे लागले. चिठ्ठीवर आकडा लिहायला काहीच खर्चावे लागत नाही, आणि म्हणूनच त्या आकड्याची किंमतही तेवढीच असते.

तेव्हा आमची सूचना अशी. लांबणाऱ्या वक्त्याला आवरण्यासाठी घड्याळ पुरेसे आहे; प्रत्येकाला पाच मिनिटे द्यावीत आणि ती सर्वांना सारखी असावीत. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. न बोलणाऱ्या सभासदांसाठी चिठ्ठी जरूर ठेवावी, पण तिच्यावर आकड्याऐवजी एक वाक्य मागावे : कोणते मत पटले किंवा पटले नाही, आणि का. ते वाक्य बोलीत असले तरी चालेल, अशुद्ध असले तरी चालेल. बैठकीच्या शेवटी ती वाक्ये मोठ्याने वाचावीत. यात वेळ थोडा अधिक जाईल, हे मान्य. पण ज्याचे मत कुणालाच पटले नाही, तोही घरी जाताना एखादे कारण सोबत नेईल आणि पुढच्या वेळी त्याचे उत्तर घेऊन येईल. तो पुन्हा येणे, यापेक्षा साहित्यचर्चेची दुसरी कसोटी आम्हांला तरी ठाऊक नाही.