शिफ्ट दाबली की काय सरकते?

'मराठी थर्टी, इंग्लिश फोर्टी'. जळगाव-धुळ्याकडे नोकरीच्या अर्जात या ओळीला एकेकाळी पदवीइतके वजन होते. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. टायपिंग क्लासमध्ये बोटे घडवलेल्या त्या पिढीला संगणकाच्या कळांची नावे कुणी समजावून द्यावी लागली नाहीत.

शिफ्ट म्हणजे सरकवणे, आणि टंकलेखन यंत्रात खरोखरच काहीतरी सरकत असे. १८७८ च्या 'रेमिंग्टन नंबर २' मध्ये एकेका दांडीवर दोन अक्षरे बसवली होती. शिफ्टची कळ दाबली की कागद धरणारे कॅरेज जागचे हले आणि दुसरे अक्षर उमटे. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, तरी मराठी यंत्राला शिफ्ट लागेच, कारण कितीतरी अर्धी अक्षरे तिच्याच आधाराने मिळत. ओळ संपत आली की घंटी वाजे, डाव्या हाताने लिव्हर ओढून कॅरेज परत आणायचे. तेच 'रिटर्न', आजचे एंटर. बॅकस्पेस फक्त एक घर मागे नेई, चूक पुसत नसे. म्हणून हात जपून चाले. ईमेलमधले 'सीसी', म्हणजे कार्बन कॉपी, तर थेट कार्बन कागदातून आले.

माऊस मात्र या घरातला नाही. डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात लाकडी ठोकळ्यात उतरवली. पेटंटमध्ये त्याचे नाव लांबलचक आणि रुक्ष आहे. शेपटीसारखी वायर पाहून प्रयोगशाळेतच कुणीतरी माऊस म्हटले. कुणी, ते एंगलबार्टनाही आठवत नव्हते.

एका खोलीत बोलला गेलेला शब्दही असा निनावी होतो, हे मला अस्वस्थ करते. आपल्याकडच्या टायपिंग क्लासांत, कोर्टाबाहेरच्या टेबलांवर मराठी यंत्राची स्वतःची बोली घडली असणार. तिची नोंद कुठे आहे? शब्दांची मुळे खणण्यात आयुष्य वेचलेल्या वि. का. राजवाड्यांनी १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्या मंडळाने आणि जळगावच्या विद्यापीठाने हे काम मिळून हाती घ्यावे. जुन्या टंकलेखकांना यंत्रासमोर बसवावे, त्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावेत. जाणती माणसे आता सत्तरीपुढे गेली आहेत. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.