बिलाचे आठ भाग

2018 सालचा डिसेंबर. बाणेरच्या एका हॉटेलात आम्ही आठजण जेवायला बसलो होतो. एकीला बढती मिळाली होती, पण जेवण टीटीएमएम ठरलं होतं : तू तुझं, मी माझं. बिल आलं 6,840 रुपये. मीच मोबाइलवर भागाकार केला आणि ग्रुपवर आकडा टाकला, माणशी 855. दोन मिनिटांत सगळ्यांचे पैसे जमा होऊ लागले. माझ्यासमोर बसलेल्या मित्राने संध्याकाळभरात एक मसाला पापड, एक लाइम सोडा आणि शेवटी कुणीतरी आग्रहाने ताटात टाकलेला अर्धा नान, एवढंच खाल्लं होतं. त्याने फोन हातात घेतला, आकडा पाहिला, पिन दाबण्याआधी त्याचा अंगठा क्षणभर थांबला. मग पैसे पाठवून त्याने पाण्याचा ग्लास उचलला. मी ते पाहिलं आणि गप्प बसले.

पुढच्या तीन बेतांना तो आला नाही. एकदा गावी जायचं होतं, एकदा शिफ्ट होती, एकदा बरं वाटत नव्हतं. चौथ्या वेळी आम्ही त्याला विचारलंच नाही. ‘तो जरा चिकट आहे’ असं आमच्यात ठरून गेलं होतं. वर्षभराने त्याची नागपूरला बदली झाली. बहिणीची नर्सिंगची फी तो एकटा भरत होता हे त्याही नंतर, तिसऱ्याच कुणाकडून कळलं. मी त्याला फोन केला. म्हटलं, “अरे, तेव्हा बोलला असतास तर?” तो म्हणाला, “तुम्ही विचारलं असतंत तर?”

तरुण मुलांनी पैसे कसे साठवावेत, हा विषय निघाला की मला ते 855 रुपये आठवतात. या विषयावर आज दोनच मतं जोरात मांडली जातात. मला दोन्ही चुकीची वाटतात.

पहिलं मत घरातल्या मोठ्यांचं. हॉटेलं बंद करा, मित्रमैत्रिणींचे गोतावळे कमी करा, थेंबे थेंबे तळे साचते. हे मत मी झटकून टाकणार नाही. साताऱ्यात माझ्या आईने पोस्टात दरमहा आरडी भरली आणि त्यातून माझ्या कॉलेजच्या दोन वर्षांची फी निघाली. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या त्या पिढीच्या काटकसरीवरच आम्ही उभे आहोत. पण त्यांचं निदान चुकतं. पैसे गळतात कुठून, हे त्यांना दिसतं त्या जागी शोधलं जातं. कॉफीचा कप दिसतो, कर्जाचा हप्ता दिसत नाही.

हिशेब मांडून बघू. आठवड्यातून एकदा मित्रांसोबत अडीचशे रुपये खर्च केले, तर महिन्याचे हजार होतात. आता दुसरी बाजू. क्रेडिट कार्डावर तीस हजारांची बाकी मागे राहिली आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. अनेक कार्डांवर ते तेवढं असतं. त्या बाकीचं एका महिन्याचं व्याज 1,050 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 189. झाले 1,239. मुद्दल जागच्या जागी. म्हणजे चार रविवार मित्रांत बसून जेवढे गेले असते त्याहून जास्त पैसे, कुणाचं तोंडही न पाहता गेले. ऐंशी हजारांचा फोन बारा हप्त्यांत घेतला, तर व्याज शून्य धरूनही महिन्याला 6,667 रुपये. ज्या मुलाच्या हातात बत्तीस हजार पडतात त्याची बचत या हप्त्याने खाल्ली आहे, आणि आपण मात्र त्याला चहाच्या टपरीवरून हुसकावतोय.

देशाचा हिशेबही याच दिशेने बोट दाखवतो. 2022-23 मध्ये भारतातल्या कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत जीडीपीच्या सुमारे पाच टक्क्यांवर आली, कित्येक दशकांतली नीचांकी. रिझर्व्ह बँकेच्या या आकड्यात ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे : जमेतून देणी वजा करून उरतं ते. त्या वर्षी देणी झपाट्याने वाढली होती. पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण वैयक्तिक कर्जं आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी यांच्यासाठी बँकांनी जास्त भांडवल राखावं असा नियम केला. काळजी हप्त्यांची होती, कट्ट्यावरच्या गप्पांची नव्हती.

मित्र तोडून केलेल्या बचतीत आणखी एक तोटा आहे, तो पासबुकात उमटत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा 1973 मधला एक निबंध प्रसिद्ध आहे. लोकांना नोकरीची खबर कुठून लागते याचा त्याने शोध घेतला. खबर बहुतेक वेळा जिवलग मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून आलेली होती. आपल्याकडे ‘ओळखीची ओळख’ म्हणतात ती हीच. बावीस ते तीस या वयात मुलं शहरात नवखी असतात. खोली, नोकरी, दवाखाना, सगळं कुणाच्या तरी सांगण्यावरून मिळतं. त्या वयात घरात बसून महिन्याचे हजार वाचवणाऱ्याने काय गमावलं, याची मोजदाद कोण करणार?

दुसरं मत माझ्याच वयाच्या लोकांचं. पुण्या-मुंबईत घर तर या पगारात होणार नाही, मग आत्ताच जगून घ्यावं. या बोलण्यामागची हताशा खरी आहे, म्हणून मी याला उधळेपणा म्हणणार नाही. पण ‘घर होणार नाही’ यावरून ‘साठवू नये’ हे निघत नाही. हाताशी तीन महिन्यांचा खर्च असला की अपमान करणाऱ्या साहेबासमोर राजीनामा ठेवता येतो. वडिलांना दवाखान्यात हलवल्याचा फोन रात्री आला, तर कुणापुढे हात न पसरता निघता येतं. मैत्रिणीला घर सोडून बाहेर पडायचं असेल, तर तिच्या डिपॉझिटला हातभार लावता येतो. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत मी शून्य साठवलं. माझ्यावर यातली दुसरी वेळ आली तेव्हा मी वडिलांच्याच एका मित्राकडून चाळीस हजार उसने घेतले. त्या काकांनी एका शब्दाने विचारलं नाही. फेडायला मला चौदा महिने लागले, आणि ते चौदा महिने मी त्यांच्या घरावरून जायचं टाळलं. पैसे नसले की माणसंही टाळावी लागतात, हे मी तेव्हा शिकले.

शिवाय ‘जगून घ्यावं’ म्हणताना आपण पैसे माणसांवर घालतो का? त्या 6,840 मधले बरेचसे पैसे जागेचे होते, दिव्यांचे, मोठ्या आवाजातल्या संगीताचे. त्या संगीतामुळे टेबलाच्या दोन टोकांना बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आम्ही भेटीची व्यवस्थाच दुकानदाराकडे सोपवली होती आणि तिला मैत्रीचा खर्च म्हणत होतो.

म्हणून माझं म्हणणं असं : बचत आणि सोबत या एकमेकींच्या विरोधात उभ्या नाहीत. त्या विरोधात जातात त्या एकाच कारणाने, आपण मित्रांत पैशाबद्दल बोलत नाही म्हणून. पगार किती, घरी किती पाठवतो, डोक्यावर कर्ज किती, हे आपण झाकून ठेवतो. मग ज्याच्याकडे सर्वांत जास्त आहे त्याच्या ऐपतीप्रमाणे बेत ठरतो आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे तो एक तर कर्ज काढून येतो किंवा येणं सोडतो. शरमेपोटी जाणारे पैसे कुठल्याही बजेटच्या वहीत सापडत नाहीत. बचत एकट्याने दात-ओठ खाऊन करायची गोष्ट नाही. ती चारचौघांत, बोलून, मिळून होते.

हे मी हवेतलं बोलत नाही. मुंबईचं गिरणगाव आठवा. कोकणातून, घाटावरून आलेले तरुण लालबाग-परळच्या चाळींतल्या गावकीच्या गाळ्यात राहत. एका खोलीत कितीतरी जण, गिरणीतल्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. प्रत्येकाची एक पेटी आणि खुंटी. भाडं वाटून, जेवण खानावळीत. महिन्याला गावी मनीऑर्डर गेली पाहिजे हे सगळ्यांना माहीत, कारण सगळ्यांचीच जात असे. आणि त्याच माणसांनी भजनी मंडळं चालवली, व्यायामशाळा चालवल्या, नाटकं बसवली, वर्गणी काढून गणपती बसवले. त्या खोल्यांतली दाटी, आजारपणं, गावी मागे राहिलेल्या बायकांचं एकटेपण यांचं मला गौरवीकरण करायचं नाही. खानावळी चालवणाऱ्या बाया तर स्वतः किराणा उधारीवर आणून सावकाराच्या तावडीत सापडलेल्या होत्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची दारं उघडून दिली. एकेकटीला बँकेने दारातही उभं केलं नसतं, गट करून गेल्या तेव्हा कर्ज मिळालं. मला या सगळ्यातून एवढंच घ्यायचं आहे की तिथे कुणाला आपली तंगी लपवावी लागत नव्हती. म्हणून कमी पैशांतही सोबत टिकली आणि सोबतीमुळे पैसे गावी पोचले.

आमच्या आयांच्या पिढीतली भिशी हेच करत होती. दहा जणींनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची, चिठ्ठी निघेल तिने उचलायची, आणि त्या निमित्ताने जिच्या घरी भिशी तिच्याकडे पोहे-चहा. भेटही झाली, पैसेही बाजूला पडले. ‘या महिन्यात नाही जमणार’ हे शेजारणीच्या तोंडावर सांगणं जड जातं, त्यामुळे भिशीचे पैसे आधी निघतात आणि बाकी खर्च नंतर. मोबाइलमधलं कुठलंही ॲप हा धाक घालू शकलेलं नाही.

नागपूरच्या मित्राशी झालेल्या त्या फोननंतर आम्ही उरलेल्या सातजणांनी भिशी सुरू केली. दरमहा दोन हजार. तिचे नियम कडक आहेत. वर्षानुवर्षं ओळखीची माणसंच, रक्कम बुडाली तरी कुणी रस्त्यावर येणार नाही एवढीच. अनोळखी चालकाच्या, जास्त परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या भिशीत लोकांचे संसार बुडालेले आहेत, आणि चिटफंडासाठी देशात 1982 चा कायदा आहे तो उगाच नाही. भिशीवर व्याज मिळत नाही. तिचं काम सवय लावण्याचं. चिठ्ठी निघाली की ती रक्कम उचलणाऱ्याने कुठे तरी गुंतवायची, असा आमचा करार आहे. दोघांनी त्यातून पीपीएफ उघडलं. ते वर्षाला पाचशे रुपयांतही चालू राहतं, आणि पंधरा वर्षांचं कुलूप असल्याने सहज हात लागत नाही. एकाने आधी कार्डाची बाकी फेडली, आणि माझ्या मते आमच्यातली सर्वांत शहाणी गुंतवणूक तीच. साडेतीन टक्के महिना वाचवून देणारी दुसरी योजना मला माहीत नाही.

बेतही बदलले. आता कुणी बेत सुचवला तर त्यासोबत माणशी आकडा आधी लिहायचा. पुण्याहून लोणावळा लोकलने मळवली, तिथून चालत भाज्याची लेणी आणि वर लोहगड, सोबत डबे. विंचूकाट्याच्या टोकावर वारा एवढा असतो की पोळीचा तुकडा हातातून उडतो. तिथे बसून एका मित्राने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं की त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेली आहे आणि तो रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं नाटक करतोय. बाणेरच्या त्या टेबलावर तो हे बोलू शकला नसता. पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या एकीच्या जुन्या सहकाऱ्याने त्याचा अर्ज पुढे पाठवला. हॉटेलात आम्ही आजही जातो, महिन्यातून एकदा. ज्याने जे खाल्लं ते त्याने द्यायचं, आणि आकडेमोड करणाऱ्याला कुणी कंजूष म्हणायचं नाही.

याने सगळं सुटतं असा माझा दावा नाही. पंधरा हजारांवर राबणाऱ्या मुलीला कुठलीही भिशी पुरणार नाही. तिचा प्रश्न पगाराचा आहे आणि तिला काटकसर शिकवणं हा अन्याय आहे. लग्नांचंही आम्हाला अजून जमलेलं नाही. मित्राचं लग्न म्हटलं की सारखे कुर्ते, आदल्या रात्रीचा रिसॉर्ट, आहेर, आणि तिथे ‘मला झेपत नाही’ म्हणणं म्हणजे त्याच्या आनंदावर विरजण टाकणं वाटतं. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात ग्रुपवर निरोप टाकला : ‘रविवारी सिंहगड. पायथ्यापर्यंत पीएमटी, पुढे चालत. वर पिठलं-भाकरी, दही. माणशी तीनशे.’ ऑफिसातली एक नवी मुलगी, लातूरची, नुकतीच आमच्यात यायला लागली आहे. तिने सगळ्यांसमोर लिहिलं, ‘ताई, माझ्याकडे या आठवड्यात शंभरच आहेत. येऊ का?’ कुणी अंगठा दाखवला नाही, कुणी ‘अगं, मी देते’ म्हटलं नाही. पाच मिनिटांनी एकाने लिहिलं, ‘भाकरी मी घरून आणतो.’ दुसरीने ठेचा घेतला. नागपूरच्या मित्राला आम्ही पुन्हा ग्रुपमध्ये घेतलंय. तो येऊ शकणार नव्हता. त्याने फक्त लिहिलं, ‘दही मात्र वरच घ्या. मडक्यातलं.’