आधी छप्पर, मग सूर्य

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करून ती घरोघरी वापरावी, या कल्पनेविषयी आज कोणाही सुज्ञ माणसाच्या मनात शंका उरलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पंतप्रधान सूर्यघर' योजना जाहीर केली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट समोर ठेवले आणि तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे साहाय्य देऊ केले. या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. तथापि, योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे घर उभे आहे ते सपाट गच्चीचे आहे. कोकणातील उतरत्या कौलांचे घर, पुण्याच्या पेठांतील शंभरी ओलांडलेला वाडा आणि कामगार वस्तीतील सिमेंटच्या पत्र्यांची खोली ही देखील याच महाराष्ट्राची घरे आहेत. त्यांच्या छपरांचा विचार कोणी करावयाचा, हा आमचा प्रश्न आहे.

सर्वसामान्य माणूस विचारतो, "एवढे वजन छपराला पेलेल का?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. सध्याचा मोठा सौरफलक सुमारे २७ किलोंचा असतो आणि तीन किलोवॅटला असे सहा फलक लागतात. हे वजन धडधाकट वासे सहज पेलतात. वाळवीने पोखरलेले पेलणार नाहीत. पण खरा वैरी वजन नसून वारा आहे. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर धरलेला आहे. या वेगाचा दाब साध्या गणिताने चौरस मीटरला शंभर किलोंहून अधिक भरतो, आणि फलकाचे स्वतःचे वजन चौरस मीटरला दहा-अकरा किलो! म्हणजे जो फलक छपराला दाबील अशी भीती वाटते, तोच वादळात छपराला उचलू पाहतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग वादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत कौले आणि पत्रे कसे उधळले, हे ज्यांनी पाहिले त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

यास्तव फलकांचा सांगाडा कौलांवर टेकवून भागत नाही. त्याचे आकडे कौलाखालून थेट वाशांना जखडावे लागतात. शिवाय कोकणात दर वर्षी मृगापूर्वी कौले परतण्याची रीत आहे. पंचवीस वर्षे टिकावयाचे फलक ज्या कौलांवर बसतील, ती परतणार कशी? एक कौल फुटले तरी पाणी वाशात मुरेल आणि वरून चकाकणाऱ्या फलकांखाली घर मुकाट्याने कुजत राहील. उत्तरेच्या पाख्याविषयी तर बोलावयासच नको. आकाश सर्वांत स्वच्छ असते त्या हिवाळ्यातच तेथे ऊन अगदी तिरपे पडते. तरीही जागा भरावयाची म्हणून तेथे फलक बसविणे, ही गिऱ्हाइकाची शुद्ध फसवणूक होय.

सिमेंटच्या पत्र्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. उन्हापावसाने ठिसूळ झालेला पत्रा दिसावयास धड दिसतो आणि पाय पडताच फुटतो. खाली असते फरशी, किंवा एखादे चालू यंत्र. आडव्या फळ्या, कमरेचा पट्टा आणि दोर यांवाचून अशा छपरावर माणूस चढविणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. वीजबिलातील बचतीच्या हिशेबात त्या मजुराचा जीव कोणत्या रकान्यात मांडावयाचा?

२०२४ च्या वीजग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनी १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट दिली. विलंब टाळण्याचा हा हेतू स्तुत्य आहे. परंतु ती परीक्षा वीजवाहिनीची होती, छपराची नव्हे. छपराविषयी घरमालकाला बहुधा विक्रेत्याच्याच शब्दावर विसंबावे लागते. ज्याला माल खपवावयाचा आहे त्यालाच परीक्षक नेमावे, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

कोणी म्हणतील, अशा शंका काढून आपण चांगल्या कार्यात विघ्न आणता. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. एका वादळात दहा छपरे उडाली, तर शंभर घरे या योजनेकडे पाठ फिरवतील. आणि मार्ग नाहीत असेही नाही. अंगणात स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा मांडव हा एक मार्ग. शेजारच्या भक्कम गच्चीवर सामाईक संच बसवून त्याची वीज अनेक घरांच्या बिलांत वळती करणे हा दुसरा. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी अशा पद्धतीस अनुदानपात्र मानलेच आहे. ती कागदावरून वाड्यांत आणि वस्त्यांत उतरली पाहिजे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. कौलारू, पत्र्याच्या वा जुन्या इमारतीवर संच बसविण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या अभियंत्याचा दाखला सक्तीचा करावा व त्याचा खर्च अनुदानात धरावा. वासे-रिपांच्या दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज मिळावे. सुरक्षेच्या साधनांवाचून मजूर छपरावर चढविणाऱ्या ठेकेदाराची नोंदणी रद्द व्हावी. आणि घरमालकांनीही अनुदानाच्या रकमेकडे पाहण्यापूर्वी एकदा माळ्यावर चढून आपल्या आढ्याकडे पाहावे. सूर्य उद्याही उगवणार आहे. त्याच्यासाठी उतावीळ होण्याचे कारण नाही. छप्पर मात्र एकदा गेले की गेले.