पाहुण्यांना न्यायचं कुठे: कूमा, काउरा की यंग?



कॅनबेराच्या उत्तर टोकाला, गुंगालिनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना दर वर्षी पडणारा हा प्रश्न आहे. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात. पार्लमेंट, वॉर मेमोरियल आणि तळं आठवड्यात बघून होतं. २०१९ पासून ट्राम सुरू आहे, तिच्यातून सिटीत जाऊन येण्याचं कौतुकही दोन फेऱ्यांत ओसरतं. मग कुणीतरी विचारतं, "एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय आहे?" सिडनी एका दिवसात करणं म्हणजे वयस्कर माणसांचे हाल. उरतात तीन गावं: कूमा, काउरा आणि यंग.

माझं मत यंगला. आमच्या घरात यावरून बरीच वादावादी झाली, म्हणून हे लिहिते आहे.

कूमा सगळ्यांत सोपं, दीड तासाचा रस्ता. १९४९ ते १९७४ या काळात उभ्या राहिलेल्या स्नोई जलविद्युत प्रकल्पाचं हे मुख्य ठाणं. तीसहून अधिक देशांतून आलेले लोक इथे राबले, एकूण कामगार लाखभर, आणि १२१ जण कामावर मेले. गावात त्या देशांच्या झेंड्यांची रांग आहे. कोयना बघत वाढलेल्या माणसाला हे सगळं लगेच भिडतं. पण ही कथा फार गोड आहे हो. बाहेरचे आले, त्यांनी देश बांधला, सगळे सुखी झाले! पाहुण्यांना आपण हीच गोष्ट सांगतो, कारण तीत आपणही शोभून दिसतो.

काउरा गंभीर आहे. ५ ऑगस्ट १९४४ च्या पहाटे अकराशेहून अधिक जपानी युद्धकैद्यांनी तिथल्या छावणीतून सुटण्याचा प्रयत्न केला. २३० हून अधिक जपानी आणि चार ऑस्ट्रेलियन सैनिक मेले. त्याच गावाने पुढे जपानी दफनभूमी जपली आणि १९७९ मध्ये जपानी बाग उघडली. जरूर जा. पण तो दोन देशांच्या युद्धाचा इतिहास आहे, आपण त्यात प्रेक्षकच राहतो.

यंगमध्ये प्रेक्षक राहता येत नाही.

यंगला लोक चेरी तोडायला जातात, आपली मंडळंही नोव्हेंबर-डिसेंबरात सहल काढतात. या गावाचं जुनं नाव लॅम्बिंग फ्लॅट. १८६० मध्ये इथे सोनं सापडलं, गोरे खाणकामगार आले तसे चिनीही आले. ३० जून १८६१ रोजी दोन-तीन हजारांच्या जमावाने चिन्यांच्या वस्त्यांवर हल्ला केला, तंबू जाळले, माल लुटला, माणसांच्या वेण्या कापल्या. बाराशेहून अधिक चिन्यांना जेम्स रॉबर्ट्‌स नावाच्या एका जमीनमालकाने आपल्या शेतावर आसरा दिला. दंगेखोरांपैकी मोजक्यांवर खटले झाले, बहुतेक सुटले. आणि त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सने कायदा केला तो चिन्यांना रोखणारा: माणशी दहा पौंड प्रवेशकर, आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी. ज्यांचे तंबू जळले, कर त्यांच्यावर! १९०१ च्या 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' कायद्याने हेच दार आपल्यालाही बंद केलं. ते पुरतं उघडायला १९७३ उजाडलं.

गावातल्या संग्रहालयात त्या जमावाचा फलक आहे, तंबूच्या कापडावर रंगवलेला. मधोमध तारे आणि भोवती अक्षरं: 'रोल अप, रोल अप, नो चायनीज.' अक्षरं सुबक आहेत. कुणीतरी बसून, वेळ देऊन रंगवलेली.

नवरा म्हणाला, "बाबा चार दिवस मजा करायला आलेत, त्यांना हे कशाला?" आमचे एक स्नेही म्हणाले, "हे गोऱ्यांचं पाप. आणि आपण काही बोटीतून आलेलो नाही, पॉइंट्स मोजून, रीतसर व्हिसा घेऊन आलोय." हे वाक्य मी इतक्या मराठी बैठकींत ऐकलं आहे! ३१ ऑगस्ट २०२५ रोजी देशभर स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले, इथे कॅनबेरातही. त्यांच्या प्रचारपत्रकांत नाव घेऊन बोट दाखवलं होतं ते भारतीयांकडे. व्हिसाचा प्रकार कुणी विचारला नव्हता.

तर नोव्हेंबरात आम्ही यंगला गेलो. बाबा त्या फलकापुढे बराच वेळ उभे राहिले, बोलले काही नाहीत. चेरी तोडताना मात्र खुशीत होते. (या भागात चेरीची लागवड रुजवली तीही डाल्मेशियाहून आलेल्या एका स्थलांतरिताने, निकोल जॅस्प्रिझाने. हे कळल्यावर बाबा मोठ्याने हसले.)

परतताना यासच्या अलीकडे ते बोलायला लागले. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम चालू होती तेव्हा ते विशी-बाविशीचे होते. चाळीखालच्या उडुप्याच्या हॉटेलवर दगड पडले. "मी मारला नाही," बाबा म्हणाले, "पण गॅलरीतून खालीही उतरलो नाही. नोकऱ्या आम्हालाही हव्याच होत्या ना! दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच चहा प्यायलो. त्याने पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, ओळखीचा म्हणून."

पन्नास-पंचावन्न वर्षांत ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती, आईनेही नाही. आम्ही दोघी गप्प बसलो. मागच्या सीटवर माझा मुलगा चेरीच्या बिया कागदात गोळा करत होता. त्याने विचारलं, "आजोबा, मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालात का?" बाबा म्हणाले, "नाही रे."

कूमाला हे बोलणं निघालं असतं असं मला वाटत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. गुंगालिनहून बार्टन हायवे, यास आणि हार्डनमार्गे सुमारे दोन तास लागतात. संग्रहालयाच्या वेळा फोन करून विचारून घ्या. आधी संग्रहालय, मग चिनी खाणकामगारांच्या स्मरणार्थ केलेली बाग, आणि चेरी शेवटी. उलट केलंत तर मुलं दमतात आणि संग्रहालय राहून जातं. गेल्या खेपेच्या मंडळाच्या सहलीत नेमकं तेच झालं होतं. चाळीस माणसं, वीस किलो चेरी, आणि फलक कुणीच पाहिला नाही.

यंदा डिसेंबरात सासूबाई येत आहेत. कूमाजवळ बर्फ बघायला मिळेल का, असं त्या विचारत होत्या. डिसेंबरात कुठला बर्फ? चेरी मात्र असतील.