वकिलाचा कागद, लोकांचे पाय

आपल्यातली काही पोरं सरळ सांगतात : कोर्ट त्यांचं, कायदा त्यांचा, वकील म्हणजे दलाल. खरी लढाई रस्त्यावर. दोस्तांनो, अमेरिकेतल्या ज्या काळ्यांकडून आपण पँथर हे नाव उचललं, त्यांच्या माँटगोमेरीचा हिशेब एकदा नीट मांडा.

डिसेंबर १९५५. गोऱ्याला बसमधली जागा दिली नाही म्हणून रोझा पार्क्सला अटक झाली. सुमारे ४० हजार काळ्यांनी बसवर पाणी सोडलं. ३८१ दिवस! मोलकरणी, मजूर, शाळेतली पोरं पायी गेली, नाहीतर आपसात जमवलेल्या मोटारींतून. त्यांचा वकील फ्रेड ग्रे, वय अवघं २४. अलाबामाच्या लॉ कॉलेजात काळ्यांना मज्जाव, म्हणून ओहायोत शिकून आलेला.

रोझाचा खटला राज्याच्या कोर्टांत कुजवतील हे त्यानं ओळखलं. १ फेब्रुवारी १९५६ ला त्यानं थेट फेडरल कोर्ट गाठलं. बसमधला भेदभावाचा कायदाच घटनेविरुद्ध आहे, म्हणाला. दावा बायकांच्या नावानं. त्यातली क्लॉडेट कोल्विन रोझाच्या नऊ महिने आधी पकडली गेलेली, १५ वर्षांची पोर. एका बाईनं दबावाखाली नाव काढून घेतलं, तर तिच्या परवानगीविना दावा लावला म्हणून सरकारनं ग्रेवरच आरोप ठेवला. तो टिकला नाही. उरलेल्या चौघी कोर्टात उभ्या राहून बोलल्या.

आता १३ नोव्हेंबर १९५६ बघा. त्या दिवशी शहराच्या कारभाऱ्यांनी स्थानिक कोर्टातून त्या मोटारींवर बंदी आणली. म्हणजे लढ्याचा गळाच आवळला. आणि त्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं ग्रेनं जिंकलेला निकाल कायम केला. तो कागद नसता तर?

उलटंही खरं. शाळांतला भेदभाव १९५४ लाच सुप्रीम कोर्टानं बेकायदा ठरवला होता. थर्गूड मार्शल या काळ्या वकिलानंच तो खटला लढवला. तरी दक्षिणेतल्या कितीतरी शाळांची दारं पुढं वर्षानुवर्षं बंदच राहिली. माँटगोमेरीत निकाल पोचला तेव्हा अख्खी वस्ती वर्षभर चालत होती, म्हणून तो फायलीत मेला नाही.

गोदीत संपाची नोटीस लागली की मालक आधी मनाई हुकूम आणायला पळतो. कायद्याची ताकद त्याला कळते, मग आपल्याला का कळू नये? वस्तीतल्या पोरापोरींना लॉ कॉलेजात धाडा. मोर्चातही आणा. पण त्यांनी दावा लावला की पाठीशी रस्ता भरलेला पाहिजे, एवढं आपल्याकडं लागलं.